उत्तरेच्या उजेडातल्या जगतापबाई

जगतापबाई लेन्स हातात घेतली की आधी तिचा वास घेत. डोळ्यांचे काम नंतर. पुढचे झाकण काढून, डोळे मिटून, एखादे लिंबू हुंगावे तितक्या सहजपणे त्या ती काच नाकाशी नेत आणि काही क्षण बोलत नसत. त्या शांततेत समोर बसलेल्या विकणाऱ्याचा चेहरा मी पुष्कळदा पाहिला आहे. प्रामाणिक माणसांना त्या वेळी हसू येई. बाकीची घड्याळाकडे बघत.

शनिवार पेठेतल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक चिंचोळी गॅलरी एवढे त्यांचे राज्य होते. गॅलरीचे तोंड उत्तरेला. तिथे ऊन कधी येत नसे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक मऊ, थंड, ताकाच्या निवळीसारखा उजेड तेवढा असे. "ऊन सगळ्यालाच चमकवतं," बाई म्हणत, "मला चमक नको, काच हवी." त्या उजेडात एक लाकडी टेबल, त्यावर काळ्या मखमलीचा तुकडा, स्पिरिटची बाटली, डोळ्याला लावायचे भिंग आणि धुऊन धुऊन सायीसारखे झालेले मलमलीचे चौकोन. हात धुतल्यावर त्या ते पुसत नसत. वाळेपर्यंत दोन्ही तळवे हवेत धरून बसत. कुणी नवखा त्या वेळी आला तर त्याला वाटे, बाई काहीतरी मागत आहेत.

दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांनी सत्तावीस वर्षे काढली होती. मग देशाची दारे उघडली, बाहेरून स्वस्त भिंगे आली आणि कारखान्याने माणसांना स्वेच्छेने निवृत्त केले. "स्वेच्छा कोणाची, ते विचारू नका," एवढेच त्या सांगत. यापलीकडचे त्यांचे चरित्र मला ठाऊक नाही. मी विचारले नाही आणि त्या आपणहून सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या.

माझी त्यांची ओळख माझ्या फसवणुकीतून झाली. तेव्हा मी हिंजवडीच्या एका कंपनीत संगणकप्रणालींच्या वापरपुस्तिका लिहीत असे. दिवसभर 'पुढे जाण्यासाठी येथे क्लिक करा' अशी वाक्ये लिहून संध्याकाळी कवितेची ओळ सुचेनाशी झाली, तेव्हा मी शब्द बाजूला ठेवून कॅमेरा घेतला. नवी लेन्स आवाक्याबाहेर होती. इंटरनेटवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती नुकत्याच फोफावल्या होत्या. त्यांतली एक मला फार आवडली, कारण तिच्यासोबतचे फोटो विलक्षण होते: पानावरचा थेंब, थेंबात दुसरे पान. विकणाऱ्याचा आवाज गोड होता. त्याला साताऱ्याची बस पकडायची होती, म्हणून तो स्वारगेटला भेटला, डिझेलच्या धुरात आणि कंडक्टरांच्या हाकांत डबा माझ्या हाती देऊन पैसे घेऊन गेला. घरी येऊन पहिला फोटो काढला तर सगळ्या दृश्यावर कुणी दूध सांडल्यासारखे दिसत होते. लेन्सच्या आत, काचेवर, कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक नक्षी पसरली होती. ऑफिसातल्या कुणीतरी बाईंचा पत्ता दिला.

बाईंनी लेन्स हुंगली.

"कुठे घेतलीत?"

"स्वारगेटला."

"स्वारगेटला बस घ्यायची असते. लेन्स कोणी घेतं का तिथे?"

"त्याने फोटो पाठवले होते हो. फार सुंदर होते."

"सुंदर असणारच. चांगल्या लेन्सने काढले असतील." मग ती माझ्या नाकासमोर धरून म्हणाल्या, "घ्या वास. पुराच्या पाण्यात राहिलीय ही. धुतलीय, पुसलीय, मेल्याने वर अत्तरसुद्धा लावलंय. पण गाळ जात नाही."

मी डोळे मिटले. अत्तराच्या खाली, फार खोल, बंद तळघरासारखी ओल होती. वास्तविक तो वास घरी डबा उघडतानाच आला होता, पण मी त्याला नाव दिले नव्हते. वासाला नाव द्यायला मला बाईंनी शिकवले.

मी संतापाने त्या माणसाला चोर, लुच्चा असे काहीबाही लिहायला निघाले होते. बाईंनी थांबवले. "शिव्या द्यायच्या तर घरी जाऊन आरशासमोर द्या. कागदावर फक्त डाग." त्यांनी एका चिठ्ठीवर पेल्याच्या कडेने वर्तुळ काढले, लेन्सचा चेहरा म्हणून, आणि बुरशी जिथे जिथे होती तिथे तिथे पेन्सिलीने बारीक ठिपके दिले. खाली सही. मग मजकूर सांगितला: 'तुमच्या जाहिरातीत काही गोष्टी लिहायच्या राहून गेल्या आहेत. त्या सोबत जोडत आहे. पुढच्या गिऱ्हाइकाच्या माहितीसाठी हेच मी संकेतस्थळावरही देणार आहे.' एकही आरोप नाही. चौथ्या दिवशी त्या माणसाचा फोन आला, गोडवा बराच उतरलेला. लेन्स परत घ्यायला तो स्वतः शनिवार पेठेत आला. बाईंनी दार उघडले.

"या. बस चुकली का?"

त्यानंतर माझे तिथे जाणे थांबले नाही. हौशी छायाचित्रकारांचा इंटरनेटवर एक मंच होता. मी तिथे हा प्रसंग लिहिला आणि रविवारी सकाळी दहा वाजता बाईंच्या गॅलरीत माणसे येऊ लागली. एक विकणारा, एक घेणारा, मध्ये मखमल. मी चिठ्ठ्या टंकून मंचावर चढवण्याचे काम घेतले. पाहता पाहता असे झाले की बाईंनी नाही म्हटले की व्यवहार तर मोडेच, पण विकणाऱ्याची जाहिरातही उतरवली जाई आणि पुण्यात त्याच्याकडून कुणी काही घेत नसे. दोन खोल्यांतल्या एका निवृत्त बाईच्या शब्दाला एवढे वजन आले होते. त्यांना ते माहीत होते. त्या ओझ्याने त्या कधी वाकल्या नाहीत, पण चिठ्ठीवर सही करण्यापूर्वी पेन्सिल एकदा खाली ठेवत आणि पुन्हा उचलत.

त्यांचा नियम एकच होता: दोष आधी विकणाऱ्याने सांगायचे. जो सांगे त्याला चहा मिळे. "जरा खरचटलीय इथे, आणि फिरवताना मध्येच अडते," असे कुणी म्हणाले की बाईंचा चेहरा उजळे, जणू त्याने स्तुती केली होती. याउलट एकदा एक चकाचक गृहस्थ आले. कॅमेरा नव्यासारखा, दोन सहलींपुरता वापरलेला.

"दोनच?" बाई म्हणाल्या.

"दोनच हो. कपाटातच असतो."

"पट्टा अडकवायच्या कड्याचा रंग गेलाय. कपाटात हेलकावे घेत असेल."

"ते... मुलं खेळतात कधीकधी."

"आणि या स्क्रूंची डोकी? मुलं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खेळतात?"

पण इतके झाल्यावर त्यांनी जे केले, ते पाहायला मी दर रविवारी जात असे. त्या घेणाऱ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "जरा आतून पाणी आणता का?" आत माठ होता, माठाजवळ पेला नसे, पेला शोधायला दोन-तीन मिनिटे लागत. तेवढ्या वेळात बाई गॅलरीतून खाली रस्त्याकडे बघत. घेणारा पाणी घेऊन परतला, तोवर गृहस्थांना बरेच काही आठवले होते: कॅमेरा एकदा पडला होता, एकदा उघडला होता. नवी किंमत ठरली, हस्तांदोलन झाले. खोटे बोललेल्या माणसाला साक्षीदाराशिवाय मागे फिरता यावे, म्हणून ते पाणी. मी हिशेब ठेवला नाही, पण बहुतेक माणसे मागे फिरत. "माणूस वाईट नसतो," बाई म्हणत, "जाहिरात लिहिताना त्याचा तोल जातो."

आता त्या रविवारबद्दल लिहायला हवे.

प्रशांत इंगोले वाशीमकडचा. हडपसरच्या एका आयटी कंपनीत कामाला, स्वारगेटजवळ चौघांत एक खोली. सुट्टीच्या दिवशी पाखरांचे फोटो काढायचा. लांबचे टिपणारी लेन्स घ्यायची म्हणून हातातली विकत होता. शर्टाला इस्त्री करून आला होता. लेन्स त्याने रुमालात नव्हे, आईने विणलेल्या लोकरीच्या टोपीत गुंडाळून आणली होती.

"दोष काय आहेत?" बाईंनी विचारले.

"झाकणावर ओरखडा आहे जी. लेन्सला काही नाही."

बाईंनी हुंगली. मग भिंग उजव्या डोळ्याला लावून बराच वेळ बघत राहिल्या. "आतून धुकं धरलंय."

"नाही जी. मी आज सकाळीच पाहिली."

बाई घेणाऱ्याकडे वळल्या. "पाणी आणता का?"

तो आत गेला. बाई रस्त्याकडे बघू लागल्या. खालून भंगारवाल्याची आरोळी आली आणि दूर गेली. इंगोले नुसता बसून होता, टोपी गुडघ्यावर, काय अपेक्षित आहे हे न कळून. पाणी आले.

"मग?" बाई म्हणाल्या.

"नाहीच आहे तर काय सांगू बाई?"

बाईंचा चेहरा मी इतका कठोर झालेला कधी पाहिला नव्हता. चुकणाऱ्याला त्या दार उघडून देत आणि या मुलाने ते दार लाथाडले, असे त्यांना वाटले असावे. "लबाडी एक वेळ समजू शकते," त्या म्हणाल्या, "पण इतका कोडगेपणा नाही." वर्तुळ काढले, धुके रेखले, सही केली.

लेन्स परत देताना ती माझ्या हातातून गेली. मी आत पाहिले. आत उलटे, इवलेसे, निरभ्र आकाश होते. मला धुके दिसले नाही. मी तसे म्हटले नाही. घरी जाऊन चिठ्ठी मंचावर चढवली.

संध्याकाळपर्यंत लोकांनी त्याच्याविषयी काय काय लिहिले! त्याच्या कंपनीतल्या कुणीतरीही ते वाचले. सोमवारी मला त्याची एकच ओळ आली: 'मॅडम, मी लबाड नाही, पण आता हे कोणाला सांगू?'

पुढच्या दोन रविवारी आणखी दोन लेन्स नापास झाल्या. तिसरी चिठ्ठी टंकायला घेतली तेव्हा जुन्या दोन्ही टेबलावरच होत्या. तीन लेन्स, तीन वेगळ्या घरांतून आलेल्या. आणि तिन्ही वर्तुळांत धुके एकाच ठिकाणी, डावीकडे खाली, आंब्याच्या कोयीच्या आकाराचे. मी बराच वेळ त्या कागदांकडे पाहत बसले. मग रजा टाकली आणि शनिवार पेठेत गेले.

बाईंनी तीन चिठ्ठ्या मखमलीवर ओळीने मांडल्या. उठून कपाटातून कारखान्यातले एक भिंग काढले, निरोपाच्या दिवशी त्यांना दिलेले, ज्यात डाग असणे शक्यच नव्हते. ते उजेडाकडे धरले. उजवा डोळा लावला. आणि मग अंगठ्याने ते भिंग हळूहळू गोल फिरवू लागल्या. एक पूर्ण फेरा. दुसरा फेरा. शेजारच्या घरात कुकरची शिटी झाली. फोडणीत हिंग पडल्याचा वास आला. बाईंनी भिंग खाली ठेवले.

"पहिल्या दिवशी शिकवलं होतं आम्हाला," त्या म्हणाल्या. "डाग दिसला की काच फिरवायची. काचेबरोबर फिरला तर डाग काचेचा. जागच्या जागी राहिला तर डोळ्याचा." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी फिरवायची सोडून दिली. कधी सोडली, तेसुद्धा आठवत नाही."

मला वाटले त्या रडतील. त्या माझ्याकडे वळल्या आणि प्रथमच मला अगं-तुगं केले.

"तू पाहिली होतीस त्या मुलाची लेन्स. तुला काय दिसलं?"

"काही नाही दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात म्हणून... मला वाटलं, माझंच चुकत असेल."

"शाबास. इतकी माणसं मी खोटी ठरवली. ही गप्प बसण्याची लबाडी कुठल्या चिठ्ठीत लिहायची, सांग?"

आयुष्यात मला पुष्कळ शाबासक्या मिळाल्या. या एकीइतकी कुठली उपयोगी पडली नाही. त्यानंतर जे डोळ्यांना दिसले ते, समोर कोणीही असो, मी म्हणत आले आहे. कधी ते महाग पडले. बाईंचे ऋण त्याहून मोठे आहे.

त्यांनी नवी चिठ्ठी घेतली. वर्तुळ काढले, पण या वेळी लेन्सचे नव्हे. खाली लिहिले: 'दोष तपासनिसाच्या उजव्या डोळ्यात. तिन्ही लेन्स निर्दोष. तीन माणसांना मी विनाकारण खोटे ठरवले.' तिघांची नावे. सही.

"बाई, 'गैरसमज झाला' असं लिहू या का?" मी भीत भीत म्हटले.

"गैरसमज कसला? चूक म्हण. टंकायलाही कमी कष्ट."

कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतून चिठ्ठी मंचावर चढवून मी परतेपर्यंत संध्याकाळ झाली; त्या चप्पल घालून उभ्याच होत्या. "रिक्षा बघ. स्वारगेटला जायचंय." इतर दोघांशी फोनवर बोलून झाले होते, पण इंगोलेला त्यांनी चारचौघांत कोडगा म्हटले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीपर्यंत त्या मध्ये एकदाही न थांबता चढल्या. इंगोलेने बनियनवर घाईघाईने शर्ट चढवला. आत तिघे मित्र, दोरीवर वाळणारे कपडे, कोपऱ्यात तुरीच्या डाळीचे गावाहून आलेले पोते.

"बसा ना जी."

"बसायला नाही आले. उभ्याने सांगायचंय. या तिघांना इकडे बोलवा." ते तिघे गादीवरून उठून उभे राहिले. "तुमच्या मित्राला मी लबाड म्हटलं. लेन्स स्वच्छ होती, डोळा माझा खराब होता. माझं चुकलं."

"जाऊ द्या ना जी. तुम्ही मोठ्या आहात."

"मोठी आहे म्हणूनच जाऊ द्यायचं नाही. तुमच्या साहेबांचा नंबर द्या. ऑफिसात पण वाचलंय ना लोकांनी?"

"साहेबांना कशाला बाई!" इंगोले हसू लागला आणि हसता हसताच त्याचे डोळे भरले. त्याने तोंड फिरवून दोरीवरचे कपडे उगाच नीट केले. "मी घरी सांगितलंच नव्हतं," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "बाबांना वाटलं असतं, पोरानं पुण्यात जाऊन खरंच काही केलं."

गुंडाळलेल्या वळकटीवर बाई हळूच टेकल्या, आणि कुणीतरी आणलेला गोड, दाट, आल्याचा चहा दोन्ही हातांनी धरून प्यायल्या. साहेबांना मात्र त्यांनी तिथूनच फोन लावला. तो साहेब इंग्रजीत बोलू लागला, तेव्हा म्हणाल्या, "मराठीतच चुकले होते. मराठीतच ऐका."

सगळे पुसले गेले असे नाही. मंचावरच्या काही ओळी वर्षभर कुठे कुठे उगवत राहिल्या; इंटरनेट स्वतःहून काही विसरत नाही. पण इंगोलेची लेन्स विकली गेली, आणि बाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला त्यांच्यासोबत तोच गेला. पट्टी निघाल्यावर बाई दोन दिवस घरात फिरून रंग तपासत होत्या. "ही साडी राखाडी म्हणून नेसत होते गं. चक्क निळी निघाली!"

डोळा स्वच्छ झाल्यावरही त्या पुन्हा पहिल्यासारख्या बसल्या नाहीत. रविवारी माणसे येत राहिली, पण लेन्स आधी घेणाऱ्याने पाहायची, मग विकणाऱ्याने त्याच्यादेखत, आणि बाईंनी सर्वांत शेवटी, फिरवून. विकणाऱ्याला भिंग डोळ्याला लावून, घेणाऱ्याच्या शेजारी बसून खोटे बोलणे फार अवघड जाते, हे तेव्हा आम्हाला कळले. चिठ्ठीवर सही आता तिघांची असे.

दोनेक वर्षांनी त्या भावाकडे राहायला निघाल्या. हडपसरपलीकडच्या त्यांच्या माहेरगावची शेते शहराने गिळली होती आणि भावाला त्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत घर मिळाले होते. "गॅलरी पश्चिमेची आहे," त्या नाराजीने म्हणाल्या, "पण म्हणे, सूर्यास्त दिसतो. बघू." सामान इंगोलेने आदल्या दिवशी टेंपोतून पोचवले होते. मी खाली रिक्षापर्यंत गेले. मला खूप काही म्हणायचे होते. कविता शिकलेल्या माणसाची ही मोठी पंचाईत असते; जवळ शब्द भरपूर, आणि नेमके त्या वेळी एकही हाताशी येत नाही. मी नुसती रिक्षाच्या दांड्याला धरून उभी राहिले.

रिक्षा सुरू झाली, हलली आणि आडव्या आलेल्या हातगाडीसमोर थांबली. बाईंनी मान बाहेर काढली. तळव्याने डावा डोळा झाकून माझ्याकडे पाहिले. मग हात हलवून उजवा झाकला आणि पुन्हा पाहिले. मग परत डावा. हातगाडी सरेपर्यंत त्यांचे ते चालले होते, अगदी मन लावून, घाई न करता.

"दोन्हींनी सारखीच दिसतेस," त्या ओरडल्या. "जा आता, ऑफिसला उशीर होईल."